शेळीमार्फत

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यात मी घरात जाहीर केलं, की आता मी आजाऱ्यांची सेवा करणार. आमच्या नगरात एक छोटी संस्था आहे. इलाज उरला नाही म्हणून दवाखान्यानं घरी पाठवलेल्या माणसांकडे ते लोक जातात, जखमा साफ करतात, दुखणं आटोक्यात ठेवणारी औषधं देतात आणि जवळ बसतात. जवळ बसायचं काम स्वयंसेवकांचं. त्यासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि त्यात मुख्य शिकवण एवढीच, की आपण बोलायचं नाही, ऐकायचं. हे कळल्यावर आमचे यजमान हातातला पेपर बाजूला ठेवून बराच वेळ हसले. म्हणाले, "तू आणि ऐकणार? लग्न झाल्यापासून माझं एक वाक्य तू पुरं होऊ दिलेलं..." हे साफ खोटं आहे, असं मी त्यांना तिथंच सांगितलं.

दर गुरुवारी आमची गाडी कोल्हारच्या बाजूला जायची. गाडीत आम्ही तिघं: ड्रायव्हर, मी आणि नर्स, जिला सगळे सिस्टर म्हणत. ही गाडी ज्याच्या दारात उभी राहते त्याचं काही खरं नाही, हे पंचक्रोशीला एव्हाना पाठ झालं होतं. म्हणून घरचे लोक विनवायचे, गाडी जरा लांब लावा. एकदा ड्रायव्हरनं ती चांगली लांब, एका धडधाकट बागाईतदाराच्या फाटकासमोर लावली. पुढच्या गुरुवारी तो गडी रस्त्यातच आडवा उभा.

"मॅडम, हितं गाडी लावू नका. आठ दिस झालं, लोक मला भेटाया येत्यात. बिस्किटाचे पुडे ठेवाया जागा ऱ्हायली न्हाई. मेव्हण्यानं तर हातात हात घिऊन मागचं समदं माफ केलं."

"मग त्यात वाईट काय झालं?" मी विचारलं.

"चूक त्याचीच हुती," तो म्हणाला.

आम्ही जायचो ते घर त्याच्या मागच्या वस्तीवर होतं. एकाच अंगणात दोन दारं, दोन सख्ख्या जावा. थोरलीला पोटाचा कॅन्सर. घरात मात्र त्याला 'आतड्याची सूज' म्हणायचं असं ठरलं होतं, आणि थोरलीही मुकाट्यानं सूजच म्हणायची. धाकटी पलीकडच्या दारात राहायची. दोघींचं नऊ वर्षं बोलणं बंद होतं. कारण साडीचं. थोरलीनं मुलाच्या लग्नात धाकटीला मानाची साडी दिली, आणि घरी जाऊन घडी मोडल्यावर धाकटीला पदरावर ओळखीचा शाईचा डाग दिसला. तिनंच त्या लग्नाच्या तीन वर्षं आधी कुणाला तरी खपवलेली साडी गावभर मान घेऊन तिच्याकडेच परत आली होती. आता यात जास्त लाज कुणाला वाटायला हवी हे मला अजून ठरवता आलेलं नाही, पण अबोला धाकटीनं धरला.

अबोला म्हणजे शांतता, असा माझा समज होता. इथं दिवसभर बोलणं चालायचं, फक्त ते दोन्ही दारांच्या मधे बांधलेल्या शेळीशी चालायचं. थोरलीची बाज दाराला लागूनच होती. धाकटी शेळीला घास टाकायला यायची आणि म्हणायची, "शेळे, रातभर कुनीतरी कण्हत हुतं. गोळी घेतली न्हाई वाटतं."

आतून थोरली म्हणायची, "शेळे, तिला सांग, गोळी घेतली. लोकांनी रातच्याला झोपावं, दुसऱ्याच्या भिताडाला कान लावू नये."

"शेळे, बोलायला लई जोर हाय. दोन घास खायाला मात्र न्हाई."

सिस्टर हे सगळं निमूटपणे वहीत टिपून घ्यायची. तिनं विचारल्यावर थोरली "बरं हाय" याच्यापुढे काही सांगत नसे. रात्री किती दुखलं, उलटी कधी झाली, पोटात काय गेलं, ही खरी माहिती शेळीलाच मिळायची. औषधाचा डोस सिस्टरनं दोनदा तरी शेळीच्या भरवशावर वाढवला असेल.

मला मात्र हे बघवेना. मी आयुष्यभर वर्गातल्या भांडणाऱ्या पोरी हात धरून शेजारी बसवल्या होत्या. एक बाई मरणाच्या दारात आहे आणि तिची जाऊ पाच हातांवर उभी राहून जनावराशी बोलतेय, याचा मला संताप यायचा. परतताना मी गाडीत म्हणाले, "या दोघींचं मी जुळवून देणार."

सिस्टर म्हणाली, "बाई, त्यांनी मागितलंय का?"

मी तिला गप्प केलं. सवय जाते कुठं?

पुढच्या गुरुवारी सिस्टर थोरलीची पाठ पुसत होती, तेवढ्यात मी धाकटीच्या चुलीपाशी जाऊन बसले. तिनं दिलेला पाकासारखा चहा प्यायले आणि तिला एक तास पुरेल एवढा उपदेश वीस मिनिटांत केला. माणूस गेल्यावर बोलून काय उपयोग, मोठेपणा लहानानंही घ्यावा, वगैरे. धाकटी चुलीतली लाकडं सारखी करत ऐकत राहिली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "येत्या गुरवारी बोलते. तुमी आल्यावरच बोलते, न्हाईतर मला जमायचं न्हाई."

तो आठवडा मी हवेत होते. यजमानांना ही हकीकत तीनदा सांगितली.

गुरुवारी आम्ही पोचलो. सिस्टर गोळ्या मोजायला बसली आणि मी बाजेवर टेकले. थोरलीनं माझं मनगट धरलं. हात अगदी हलका लागला.

"बाई, मागल्या खेपंला तिच्या घरात लई येळ बसला हुता तुमी. काय शिकीवलं तिला?"

मी म्हणाले, "आक्का, काही नाही, सहज."

"तिला माझ्याशी बोलायला लावू नका."

मला वाटलं, हा जुना राग. मी उपदेशाला तोंड उघडलं, पण तिनं मनगट सोडलं नाही.

"समदे ग्वाड बोलाया लागलेत बाई. सून पयल्यासारखी फुगत न्हाई. ल्योक उशाला बसून ऱ्हातो, त्याला कामंधंदं न्हाईत का? भाऊ आला, रडला, शेताच्या वाटंचा हट्ट सोडून गेला. मला काय कळत न्हाई व्हय? ती एकटी तेवढी हाय तशी हाय. ती टोमणे मारती तवर मला वाटतं, हाय मी अजून. ती बोलली म्हंजी मी गेले."

प्रशिक्षणाच्या दोन दिवसांत जे शिकवलं होतं ते मला त्या क्षणी कळलं, आणि स्वतःची लाज वाटली. मी उठले, पण उशीर झाला होता. धाकटी दारात उभी होती. केस चापून बसवलेले, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि अंगावर तीच नऊ वर्षांपूर्वीची साडी. समेट पुरता व्हावा म्हणून तिनं तो शाईचा डाग पदरावर मिरवत आणला होता.

थोरलीच्या मागं उभी राहून मी धाकटीला खुणा करायला लागले. मान हलवली, डोळे मोठे केले, तोंडावर बोट ठेवलं, शेवटी खोकले. सिस्टरनं मला पाण्याचा तांब्या दिला. धाकटी माझ्याकडे बघतच नव्हती. ती थोरलीच्या तोंडाकडे बघत होती, आणि थोरली बाजेची कड घट्ट धरून तिच्याकडे.

धाकटीनं ओठ उघडले, मिटले. मग ती वळली आणि अंगणाकडे तोंड करून म्हणाली, "शेळे, लोकांच्या घरी पाव्हणे येऊन बसल्यात, पर एक घोट च्या इचारायची पद्धत न्हाई."

थोरलीनं बाजेची कड सोडली. "शेळे, तिला इचार, कुनाच्या लग्नाला निगालीस? साडी वळखीची दिसती."

"शेळे, लई मानाची साडी हाय. मिळाया नशीब लागतं."

थोरली हसली, पोट धरून हसली. त्या दिवशी तिनं अर्धी वाटी पेज घेतली.

जाताना अंगणात मी धाकटीला गाठलं आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "तिच्या तोंडावर भ्या दिसलं वो. मला ती जलमात कधी भ्याली न्हवती." आणि ती साडी बदलायला आत गेली.

त्यानंतर मी तिथं फक्त बसून ऐकत होते, आणि घरीही. यजमानांना वाटलं, मला बरं नाही.

थोरली गेली, त्याच्या आदल्या गुरुवारची गोष्ट. तिचा आवाज पार खोल गेला होता. डोळे मिटलेलेच होते. सिस्टर तिचे ओठ ओल्या कापसानं पुसत होती आणि धाकटी नेहमीसारखी उंबऱ्याशी उभी होती. थोरलीनं डोळे उघडले, सरळ तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उबी का? बस की गं."

सून तोंडाला पदर लावून आत पळाली. नऊ वर्षांची बाजी धाकटीनं जिंकली होती. पण ती मान बाहेर वळवून, घसा खाकरून म्हणाली, "शेळे, कोन काय बोललं का गं? मला तर काईच ऐकू आलं न्हाई."

एवढं म्हणून ती आत आली, बाजेच्या कडेला बसली आणि थोरलीचे पाय चेपायला लागली.