आधी सुई, मग पुडी

औषध मागायला आलेल्या माणसाला औषध न देता वाटेला लावण्यात आमच्या मावसोबांचा हात धरणारा वैद्य घोडेगावात तर सोडाच, अख्ख्या आंबेगाव-जुन्नरात मिळायचा नाही. दारावर वैद्याची पाटी, कपाटात चूर्णांच्या बरण्या, आणि तोंडात सदा एकच, "आधी सुई, मग पुडी!" ज्यांची साखर इन्शुलिनवाचून ताळ्यावर राहत नाही अशी माणसं त्यांच्याकडे मोठ्या आशेनं येतात, रोजचं टोचणं सुटेल, ही ती आशा. मावसोबा नाडी बघतात, जीभ बघतात, मग वहाणा काढायला लावून तळवे असे निरखतात की बाजारात कांदा पारखणारा व्यापारीही त्यांच्यापुढे उदार वाटावा. पायाला तेल लाव, अनवाणी हिंडू नको, जेवणाची वेळ चुकवू नको, असं सगळं दम भरून सांगतात. पुडी दिलीच, तर "डॉक्टरला सांगितलं का?" हे पुढच्या खेपेला खोदून विचारतात. मावशी म्हणते, "यांच्यापरीस त्यो डॉक्टर बरा. निदान वरडत तरी न्हाई."

डोंगराकडच्या गावांत वीज जाते, फ्रिज बंद पडतात. म्हणून ओल्या वाळूतल्या मडक्यात इन्शुलिन गार कसं ठेवायचं, हे दाखवायला त्यांनी ओसरीतच एक मडकं मांडून ठेवलंय. एकदा कळंबचे एक पाहुणे उन्हातून आले आणि तहानेपोटी त्याचंच झाकण उघडून बसले. आत कोरडी डबी! मावसोबा शांतपणे म्हणाले, "पावणं, ते सुईच्या औषधाचं घर हाय. तुमचं पाणी आत मिळंल."

जुन्नरच्या बांगडीवाल्या चाचांची सना लहानपणापासून सुईवर. दर महिन्याला बापाबरोबर यायची आणि मावसोबांनी "सुई घेतली का?" विचारायच्या आत पायरीवरूनच ओरडायची, "घेतली, बाबा!" तिचं लग्न ठरलं तेव्हा चाचा एकटेच आले आणि हात जोडून बसले. "बाबा, लगनाआधी तिची सुई तेवढी सोडवा. सोयऱ्यांना आमी काय बोललो न्हाई. कळलं तर लगीन मोडंल."

"हिरीला पाणीच न्हाई, तर मोटार दुरुस्त करून काय करू?" मावसोबा म्हणाले. "तिथं टँकरच पायजे. सुई सोडली तर पोर हातची जाईल. आन् सोयऱ्यांना सांग."

चाचांनी काही सांगितलं नाही. उलट जाताना मावसोबांकडूनच वचन घेतलं, की लग्नात सुईचं अक्षर काढायचं नाही. मावसोबांनी ते दिलं, आणि लग्नापर्यंत त्यांना अन्न गोड लागलं नाही.

लग्नाला मीही बरोबर होतो. निकाह उरकला. नवरा-नवरीला शेजारी शेजारी जेवायला बसवलं, पुढं बिर्याणीचं ताट आलं, जर्द्याचा गोड केशरी भात आला. सकाळपासून नटवण्या-सजवण्यात पोरीभोवती नुसता गराडा होता. आमच्या वेगळ्या पंगतीत मावसोबांच्या पानात पुरी तशीच पडून होती. सनानं घास उचलला मात्र, आणि हा म्हातारा उभा राहून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला, "सना! सुई घेतली का?"

सगळ्यांच्या माना वळल्या. चाचांचा चेहरा पांढराफटक. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका शब्दापायी पोरीचं लग्न मोडतंय की काय!

सनानं घास खाली ठेवला. नवऱ्यानं शेरवानीच्या खिशातून छोटी पिशवी काढली आणि उठून म्हणाला, "बाबा, आत्ताच घेनार व्हती. माज्याकडं हाय. पयल्या भेटीतच सांगितलं हिनं. घरी बी समद्यांना ठावं हाय." चाचा तिथंच खुर्चीवर बसले आणि उपरण्यात तोंड खुपसून रडले. आणि मावसोबा? ज्या माणसाकडं प्रत्येकाला ऐकवायला काहीतरी असतं, तो मुकाट्यानं पुरी खायला लागला.

परवा मी घोडेगावला गेलो होतो, तेव्हा सना नवऱ्याबरोबर आली. पायरीवर थांबली. मावसोबांनी आत बोलावलं, तळवे पाहिले, झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. बस्स.

"बाबा, आज इचारलं न्हाई?"

"आता इचारनारा हाय की तुज्या घरी," ते म्हणाले. आवाज जरा पडलेलाच होता. इतक्या वर्षांची सवय, ती अशी दुसऱ्याच्या हाती देणं सोपं नसतं हो.

"त्यो त्याचं इचारतो. तुमी तुमचं इचारा."

मावसोबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. बराच वेळ पुसला. मग हळूच म्हणाले, "सुई घेतली का गं?"

"घेतली, बाबा."

आणि ते पुडी बांधायला उठले.