मरून राहिलेला पहारेकरी

चारुशीला भोयर हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्यांचं लेखन तुमच्या घरात आहे. मिक्सरच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला, 'भांडे नीट बसल्याची खात्री झाल्याखेरीज बटण फिरवू नये' असं बजावणारा कागद त्यांचा. डास पळवायच्या यंत्राचा, गिझरचा आणि खोकल्याच्या औषधाचा कागदही त्यांचाच. इंग्रजीचं मराठी करण्याचं हे काम त्या नागपुरात मानेवाड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. दुसऱ्या टोकाला निवडायची भाजी असते. मराठीत इतकं लिहून इतकं कमी वाचलं गेलेलं माणूस विदर्भात दुसरं नसावं, आणि आमच्याकडे कवी काही कमी नाहीत.

बाई तिथल्याच महाल भागातल्या एका शाळामास्तरांच्या कन्या. मास्तरांनी घरात 'का'ऐवजी 'काहून' म्हणायला बंदी घातली होती. 'मले भूक लागली' म्हटलं की ताट यायचं नाही, 'मला' म्हटलं की यायचं. अशी भाषेच्या सोवळ्यात वाढलेली मुलगी पुढे पारशिवनीच्या रुपराव भोयरांना दिली. रुपरावांनी 'मला' हा शब्द आयुष्यात एकदाच वापरला, तो लग्नात नाव घेताना, आणि तोही मागून कुणीतरी सांगितला म्हणून. रुपराव हिंगण्याच्या एका कारखान्यात फिरत्या पाळीवर आहेत. आठवडाभर सकाळची, आठवडाभर दुपारची, आठवडाभर रात्रपाळी. त्यामुळे त्यांचं शरीर कुठल्याच वेळेला नीट जागं नसतं आणि नीट झोपलेलंही नसतं. कंपनीची बस त्यांना कोपऱ्यावर सोडते, तिथून ते चालत येतात, दारात बसून बूट काढतात. दुसरा बूट निघेपर्यंत कधी कधी डोळा लागतो.

तर या बाईंकडे एक दिवस पुण्याच्या एका छोट्या कंपनीतून गौरांग नावाच्या तरुणाचा फोन आला. हातात धरून खेळायच्या यंत्रावरचा एक व्हिडिओ गेम होता, 'सातव्या घंटेचं शहर'. तो मराठीत आणायचा होता. सगळे संवाद, सगळी पात्रं, आणि शेवटी पडद्यावर अनुवादकाचं नाव.

"नाव?" बाईंनी दोनदा विचारलं.

"हो मॅडम. मोठ्या अक्षरात."

गिझरच्या कागदावर नाव टाकायची पद्धत नाही. बाईंनी त्याच फोनवर होकार दिला.

हा जपानी पद्धतीचा खेळ म्हणजे नेमकं काय, ते कॉलेजात जाणाऱ्या मुलीने, मुग्धाने समजावलं.

"आई, एक पोरगा असते. त्याचे केस असे उभे. त्याला जग वाचवायचं असते."

"मग वाचवतो का?"

"आधी म्हातारीची मांजर शोधते. मग लोहाराचा हातोडा शोधते. मग कोणाचं तरी पत्र कोणाला तरी नेऊन देते. सगळ्यात शेवटी जग."

"म्हणजे आपल्या घरातल्यासारखंच," बाई म्हणाल्या. "जग वाचवायला बसावं, तर आधी सिलिंडर संपतो."

त्यातली लढाई मात्र त्यांना मनापासून आवडली. दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या राहतात आणि ज्याची पाळी येईल त्याने एकच फटका मारायचा. बाकीचे थांबतात. ड्रॅगनसुद्धा थांबतो. व्हरायटी चौकात दिवा हिरवा व्हायच्या आधीच निघणाऱ्या शहरात जन्म काढलेल्या बाईंना त्या ड्रॅगनविषयी एकदम आदर वाटला.

कामाला लागल्यावर आदर ओसरला. या खेळात सगळे बोलतात. राजा बोलतो, राक्षस बोलतो, विहीरसुद्धा एकदा बोलते. आणि बाईंकडे येतं ते नुसतं वाक्य, चित्र नाही. कोण कुणाला म्हणतंय, बाई म्हणतेय की पुरुष, काही कळत नाही. आणि मराठी क्रियापदाला तर आधी लिंग हवं, मग पुढचं. बाईंनी गौरांगला विचारलं, "अरे, ड्रॅगन आला की आली?" उत्तर यायला बरेच दिवस लागले. "मॅडम, ती आई आहे." तोवर ड्रॅगन तीन प्रकरणं 'आला' होता.

त्या ढिगाऱ्यात एक पहारेकरी होता. शहराच्या उत्तर दरवाज्यावर भाला घेऊन उभा. अशा खेळात किरकोळ पात्राला एकच वाक्य असतं. कितीदाही त्याच्याकडे जा, तो तेच म्हणतो. हा म्हणत होता की मी उभ्या उभ्या पार गळून गेलो आहे. बाईंनी लिहिलं, 'मी अत्यंत श्रांत झालो आहे'. वाचलं. पुसलं. 'मला फार थकवा आला आहे' लिहिलं. तेही पुसलं, हे खोकल्याच्या औषधाच्या कागदावर शोभलं असतं. तेवढ्यात दारात बूट आपटल्याचा आवाज आला. रुपराव सकाळची पाळी करून आले होते. भिंतीला डोकं टेकवून ते म्हणाले, "मरून राहिलो वं, चारू."

बाईंनी तसंच टाइप केलं. 'मरून राहिलो.' मास्तरांच्या मुलीने जन्मात पहिल्यांदा 'आहे' टाकलं नाही. मग चहा ठेवायला उठल्या.

खेळ बाजारात आला आणि परीक्षणं यायला लागली. आमचा समज असा, की परीक्षणं नाटकांची आणि पुस्तकांची होतात. पण व्हिडिओ गेमचे समीक्षक हे वेगळंच प्रकरण आहे. ते खेळ संपवूनच बोलतात, म्हणजे पुस्तकांच्या समीक्षकांपेक्षा एक पायरी वरचेच म्हणायचे. संगीत उत्तम, चित्रं सुंदर, लढाया संथ, गोष्ट लांबलेली, असं सगळ्यांनी सांगितलं. मराठीबद्दल एकाने लिहिलं, 'गृहनिर्माण संस्थेची नोटीस वाचल्यासारखं वाटतं.' बाईंनी ते वाक्य वाचलं आणि भाजी निवडायला घेतली. मेथीच्या जुडीतली चांगली पानंही त्या दिवशी कचऱ्यात गेली.

मग पुण्याच्या एका नामांकित परीक्षकाचा व्हिडिओ आला. तासभर लांब. त्यातला अर्धा तास उत्तर दरवाज्यावरच्या पहारेकऱ्यावर.

"लक्ष द्या," तो परीक्षक म्हणत होता. "तो म्हणतो, 'मरून राहिलो.' म्हणजे मेलो, आणि मेल्यावर इथेच राहिलो! हा पहारेकरी भूत आहे. शहर जिंकल्यावरही तो तेच म्हणतो. त्याला कुणी जेवताना पाहिलंय? त्याची सावली पाहा. नाहीये! मूळ खेळातही नसलेली ही खोली मराठीने दिली. दोन शब्दांत!"

सावली नव्हती हे खरं. चित्रकार काढायची विसरला होता.

बाकीच्या परीक्षकांनी आपापल्या परीक्षणात भूत घातलं. एका इंग्रजी संकेतस्थळाने लिहिलं की मराठी आवृत्ती मूळ खेळापेक्षा सखोल आहे. खेळणारे लोक उत्तर दरवाज्यावर जाऊन थांबायला लागले, पहारेकऱ्यासमोर आपला उभ्या केसांचा नायक मान खाली घालून उभा करायला लागले. नागपूरच्या एका पोराने व्हिडिओखाली लिहिलं, 'भाऊ, तो फक्त थकला आहे ना बे.' त्याला उत्तर मिळालं, 'तुम्हाला आशय कळत नाही.'

मुग्धाने मैत्रिणीकडून ते यंत्र आणलं आणि बापाला दाखवलं.

"बाबा, तुम्ही आहात हे. तुम्ही वारले."

रुपरावांनी चष्मा लावून पाहिलं. "काहून? कवा?"

"पहिल्याच लढाईत."

"अन् तरी ड्युटीवर?" ते म्हणाले. "मंग मीच हाय."

आठवडाभर हा विनोद घरात चालला. ताट वाढताना बाई विचारायच्या, "भूत जेवतं का?" आणि रुपराव म्हणायचे, "दोन पोळ्या जास्त जेवते." मग गौरांगचा फोन आला.

आवाजात आनंद मावत नव्हता. "मॅडम, तुम्ही आम्हाला वाचवलंत! दुसरा भाग नक्की झालाय. त्यात पहारेकरी मुख्य पात्र. भूत म्हणून. सगळे संवाद तुमचेच. फक्त एक करायचं. त्या परीक्षकांच्या चॅनेलवर तुमची मुलाखत आहे, तिथे सांगायचं की हे भूत तुम्ही विचारपूर्वक केलं."

"अरे, पण तो जिवंत आहे."

"मॅडम, समीक्षकांनी ठरवलंय."

"त्यांनी ठरवून कसं होईल? मी त्याला रोज चहा देते."

पलीकडे गौरांग थोडा गोंधळला. बाईंनी समजावून सांगितलं, की आमच्याकडे जेवून राहिलो म्हणजे जेवतो आहे, वाचून राहिलो म्हणजे वाचतो आहे, आणि मरून राहिलो म्हणजे पाळी संपवून आलो आहे. गौरांगने तिकडे आधी दार लावून घेतलं. मग हळूच म्हणाला, "मॅडम, हे आत्ता कुणाला सांगू नका. दुसऱ्या भागाचं सगळं त्यावर आहे."

मुग्धाचं मत स्पष्ट होतं. "हो म्हणून टाक ना आई. काय फरक पडते? पहिल्यांदा कोणी तुझं लिहिलेलं वाचून राहिलं. नोटीस म्हणाले तेव्हा तुला झोप नव्हती."

ते खरं होतं. बाईंना दुसरा भाग हवा होता. पुन्हा गिझरकडे जायचं नव्हतं. त्या दिवशी दुपारपाळीला निघायच्या आधी रुपराव डबा घेताना दारात थांबले.

"मी एक सांगू काय?" ते म्हणाले. "कंपनीत मी थकलो म्हनतो, तं सायब म्हनते, मशीन बरोबर चालून राहिली ना? इथं थकलो म्हनतो, तं लोकं म्हनते, मेला. मधलं कोनी आयकतच नाई. तुले जे करायचं ते कर बापा." आणि बस चुकेल म्हणून घाईने निघून गेले.

बाई दार धरून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या वाक्याचं उत्तर म्हणून त्यांनी चहाच दिला होता. वाक्य म्हणून ते कधी ऐकलं नव्हतं.

रविवारी मुलाखत झाली. जेवणाच्या टेबलावर, भाजी बाजूला सारून, मुग्धाचा फोन डब्याला टेकवून. परीक्षक फार नम्र होता. त्याने 'ताई' म्हटलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हा पहारेकरी नेमका केव्हा मरतो?"

"तो मरत नाही," बाई म्हणाल्या. "त्याची ड्युटी संपत नाही."

"वा!" परीक्षक खुर्चीतून उठायचाच बाकी होता. "म्हणजे मृत्यू हीच एक न संपणारी ड्युटी!"

"अहो नाही. तो थकलाय."

"अस्तित्वानेच!"

"उभं राहून!" बाईंचा आवाज चढला. "पाय दुखतात त्याचे. सकाळपासून उभा आहे. आमच्या घरात असंच म्हणतात, नागपुरात अर्ध्या घरांत असंच म्हणतात. तुम्ही त्याला एवढं मोठं केलंत त्याबद्दल आभार, पण त्याला मारू नका हो. त्याला बसायला स्टूल द्या, एवढंच."

परीक्षक समोरचे कागद चाळायला लागला. तेवढ्या वेळात आमच्या बाईंची सगळी कीर्ती, जी आधीच महिनाभराची होती, सावकाश मावळली.

व्हिडिओ तसाच लागला. खाली लोक चिडले. बाईंनाच आपला अनुवाद कळला नाही, असं बहुतेकांचं मत पडलं. परीक्षकाने आपलं परीक्षण सुधारलं आणि मराठी आवृत्तीचा एक तारा कमी केला. सोमवारी गौरांगचा निरोप आला: वाक्य बदलून द्या, प्रमाण भाषेत, चौकटीत मावेल असं. बाई टेबलापाशी बसल्या. 'मी थकलो आहे' लिहिलं, मावत होतं. बरोबरही होतं. मास्तरांनी ताट वाढलं असतं.

आत रुपराव रात्रपाळी करून पालथे झोपले होते. दोन बूट दोन दिशांना होते. बाईंनी लिहिलेलं पुसलं आणि जुनंच वाक्य पुन्हा लिहून पाठवलं. खाली फक्त इतकं, की बरोबर आहे, बदलू नये.

थोड्या वेळाने गौरांगनेच फोन केला. चांगला मुलगा आहे, त्याला वाईट वाटत होतं.

"मॅडम, वाक्य ठेवतो. पण दुसरा भाग पुण्यातच करून घ्यायचं ठरलंय."

"बरं."

"इंडक्शन शेगडीचं एक माहितीपत्रक आहे, पाठवू का?"

"पाठव," बाई म्हणाल्या, आणि एकदम खूप थकल्यासारखं वाटून त्यांनी टेबलावर कोपर टेकवलं.

बोलण्याने रुपरावांची झोप चाळवली होती. आतून आवाज आला, "काय म्हनते वं तो?"

"काही नाही. तुम्ही जिवंत आहात म्हणतो."

कूस बदलल्याने पलंग करकरला.

"कागदावर लिहून दे म्हना," रुपराव म्हणाले. "कंपनीत दाखवतो."