भरलेल्या टोपल्या

झोसिमसचं आयुष्य करिंथच्या दोन समुद्रांमधल्या फरसबंद वाटेवर, एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला जमिनीवरून जहाजं ओढण्यात गेलं. दोर खांद्यावर आला की त्याचे डोळे मिटत, आणि जैतुनांच्या झाडांतून गलबत आपलं आपणच तरंगत निघालंय असं त्याला वाटे. त्याच तंद्रीत तो रविवारी काम उरकून क्विंटसधन्याच्या घरी प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून करायच्या जेवणाला, पोचे. तोवर बडी मंडळी खाऊनपिऊन सुस्तावलेली असत. झोसिमस टोपल्यांतला चुरा बोटानं टिपून खाई. प्रभूचं जेवण एवढंच असतं, अशी बिचाऱ्याची समजूत.

एका रविवारी मात्र टोपल्या भाकरींनी भरलेल्या होत्या आणि मंडळी त्यांना हात न लावता बसलेली.

"आज लवकर आलो की काय मी?" तो पुटपुटला.

"कसला लवकर!" क्विंटस खेकसला. "आपल्याला प्रभूची वाट दाखवली त्या गुरुजींचं पत्र आलंय. गरिबाला उपाशी ठेवून कसले जेवता, म्हणून पार सालटी काढलीत आमची. बस बाबा आता, भुकेनं जीव चाललाय."

झोसिमस बसला. ऊन भाकरी हातात आली, वास नाकात भरला. मग त्यानं ती अलगद परत टोपलीत ठेवली.

"माझ्या जोडीचे अजून चौघं दोर गुंडाळतायत," तो म्हणाला. "येतीलच."