मला मत न देणारे तात्या

माननीय दिनकरराव वाळंज, म्हणजे आपणा सर्वांचे तात्या, यांची आणि माझी पहिली भेट भाड्याच्या खोलीमुळे झाली. पंधरा वर्षे होऊन गेली. मी आणि माझे पती दोघेही उदगीरचे. हिंजवडीच्या कंपनीत नोकरी लागली आणि माण ते कासारसाईच्या रस्त्यावर खोल्या मिळतात असे कळले, म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही या गावात आलो. तोवर चार घरमालकांनी आम्हाला जात विचारली होती, दोघांनी मटण खाता का ते विचारले होते. तात्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "मतदान कुटं हाय तुमचं?"

मी म्हणाले, "नाव उदगीरला आहे. पण मागच्या दोन्ही वेळेला रजा मिळाली नाही."

"म्हंजे कुटंच न्हाई," तात्या म्हणाले. त्यांनी पेपरची घडी केली. "खोली देतो. पर येत्या मतदानाला गावाकडं जायाचं, दोघांनी बी. आल्यावर मला बोट दावायचं."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. चार महिन्यांनी विधानसभेचे मतदान आले तेव्हा आम्ही खरोखर उदगीरला गेलो. परत आल्यावर तात्यांनी आम्हा दोघांची बोटे उजेडात धरून शाई पाहिली, मग आत हाक मारली, "कुसुम, च्या टाक." कुसुमकाकूंनी टाकलेला तो चहा हा या घराशी आमच्या नात्याचा खरा आरंभ होता.

तात्यांचा जन्म याच गावचा. त्यांची बरीचशी भातशेती आयटी पार्कसाठी गेली. ओढ्यालगतचे एक खाचर मात्र त्यांनी कोणी कितीही मागितले तरी राखले आणि आजही ते त्यात इंद्रायणी भात लावतात. गावच्या शेतकऱ्यांच्या विकास सोसायटीचे ते दीर्घकाळ अध्यक्ष होते. ग्रामपंचायतीला मात्र ते स्वतः कधी उभे राहिले नाहीत. कोणाला उभे करायचे हे ठरवणाऱ्या चार वडीलधाऱ्यांमध्ये ते असत, आणि त्यांना तेच पसंत होते.

तात्यांची मते जुन्या वळणाची आहेत. हे मी त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरव अंकात लिहिते आहे म्हणून कोणी गैरसमज करून घेऊ नये. ते स्वतःच सांगतात, "मी जुना माणूस हाय. नवं आलं की आदी संशय घेतो." गावची निवडणूक बिनविरोध व्हावी, देवळाच्या पायरीवर बसून नावे ठरावीत, असे त्यांना मनापासून वाटते, कारण निवडणूक लागली की सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात जात नाहीत, हे त्यांनी पाहिले आहे. सरकारने लोकांना फुकट काही देऊ नये, असेही त्यांचे मत आहे. बायकांच्या खात्यात पैसे जमा करण्याची योजना आली तेव्हा त्यांनी काकूंना फॉर्म भरू नकोस म्हणून बजावले. काकू म्हणाल्या, "तुमचं मत तुमच्यापाशी. माझं खातं माझ्यापाशी." आणि त्या फॉर्म भरून आल्या. तात्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

ज्या पक्षाचे काम त्यांनी चाळीस वर्षे केले तो फुटला, तेव्हाची गोष्ट मात्र मला विसरता येत नाही. दोन्ही बाजूंची माणसे एकाच आठवड्यात त्यांच्या ओट्यावर येऊन गेली. दोघांनाही तात्यांनी चहा दिला, दोघांनाही एकच उत्तर दिले. "मी हाय तितंच हाय. तुमी कुटं चाललाय ते तुमी बघा." त्या दिवसांत ते पेपर पूर्ण वाचत नसत. पहिले पान पाहून तो तसाच बाजूला ठेवत आणि खाचराकडे निघून जात. काकू मला म्हणाल्या होत्या, "घरात कुनी गेल्यावानी वागत्यात." राजकारणातल्या घडामोडींनी एखाद्या माणसाला एवढे दुःख होऊ शकते, हे मला तोवर माहीत नव्हते.

सात वर्षे भाड्याने राहिल्यावर आम्ही याच गावात नव्या इमारतीत घर घेतले. तेव्हा तात्या स्वतः मला मतदारयादीचे काम पाहणाऱ्या गुरुजींकडे घेऊन गेले. "उदगीरचं नाव काढा आन् हितं घाला. हितलं पानी प्यायचं तर हितली जबाबदारी बी घ्यायची." नाव आले. पण तात्यांना अभिप्रेत असलेली जबाबदारी आणि मला वाटणारी जबाबदारी यांत अंतर होते, ते दोन वर्षांनी समोर आले.

आमच्या बाजूला तीन इमारती आणि भाड्याच्या सत्तर-ऐंशी खोल्या. बहुतेक घरांतले नवरा-बायको दोघे कामाला. लहान मुलांसाठी अंगणवाडी होती ती एका पत्र्याच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात ती दुपारच्या आत सोडावी लागे. याबद्दल ग्रामपंचायतीत बोलायला आमच्या बाजूचे कोणीच नव्हते. निवडणूक जाहीर झाली आणि मी अर्ज भरायचे ठरवले.

गावाने त्या वर्षीही निवडणूक बिनविरोध करायचे ठरवले होते. आमच्या वॉर्डात तात्यांच्या चुलतभावाची सून सविता हिचे नाव नक्की होते. माझ्या एका अर्जाने सगळे मोडणार होते. तात्यांना आधी सांगावे म्हणून मी पतींना घेऊन गेले. त्यांनी ऐकून घेतले आणि माझ्या पतींना विचारले, "तुमची परवानगी हाय का हिला?" मला त्याचा राग आला. मी म्हणाले, "तात्या, मी त्यांना विचारून नाही, सांगून आले आहे."

"मग मी बी सांगतो," तात्या म्हणाले. "तू उभी ऱ्हाऊ नयेस, असं माझं मत हाय. दोन वर्सं झाली नाव लागून. दहा वर्सं बस, ऐक, गाव कळू दे, मग बोल. उभी ऱ्हायलीस तर मी तुझ्या इरोधात फिरणार."

मी तिथून रडवेली होऊन परतले. ज्या घरात मी सात वर्षे लेकीसारखी राहिले, त्या घराने मला परकी ठरवले, असे मला वाटले.

अर्जाला जोडायच्या कागदांत एक दाखला असतो, घरात शौचालय असून ते वापरतो असा. ग्रामपंचायतीतून तो मिळायचा. मी सलग तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी सही करणारे साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी शिक्का सापडत नव्हता, तिसऱ्या दिवशी तिथला लेखनिक माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "उद्या या." त्या ‘उद्या’लाच दुपारी तीनला पौडच्या तहसील कचेरीत अर्ज भरण्याची मुदत संपत होती. काय चालले आहे ते मला कळत होते. मी घरी येऊन फाइल कपाटात ठेवून दिली.

शेवटच्या दिवशी सकाळी साडेदहाला काकूंचा फोन आला. "पंचायतीत ये. हे तितं बसल्यात."

मी धावत गेले. तात्या लेखनिकाच्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसले होते. लेखनिक घामाघूम. तो मला नव्हे, त्यांना समजावत होता. "तात्या, आवो तुमच्याच मानसांनी सांगितलं. बिनविरोध व्हायला पायजे म्हनून."

तात्यांचा आवाज चढला नाही. "बिनविरोध म्हंजे समद्यांनी मिळून ठरवलेलं. दाखला दाबून ठिवायचा आन् वर बिनविरोध म्हनायचं, ही चोरी झाली. हिला पाडायची तर मतानं पाडू. लिही."

"पर साहेब..."

"साहेब सोसायटीच्या आवारात उभं हायेत. मी आत्ताच बगून आलोय. तू लिही, मी सही घिऊन येतो."

गुडघे दुखत असताना ते खरोखर उठून सही घेऊन आले. दाखला माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "जा पौडला. उशीर करू नगंस." मी आभार मानायला लागले तर त्यांनी हाताने थांबवले. "आभार कशाला? मी उद्यापासून सविताबरूबर फिरणार हाय."

आणि ते फिरले. माझे चिन्ह कपबशी होते. तात्या घरोघर जाऊन सविताला मत द्या म्हणून सांगत होते. पण माझ्याबद्दल त्यांनी एकही वावगा शब्द उच्चारला नाही, हे मला ज्यांच्या दारी ते गेले त्यांनीच सांगितले. एका घरी कोणी म्हणाले, "ती भायेरची बाई काय करणार?" त्यावर तात्या म्हणाले, "भायेरची हाय, पर कामाची हाय. मला घाई पटत न्हाई, येवडंच." मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर आमची गाठ पडली. मी हसून विचारले, "तात्या, कपबशी?" ते सरळ म्हणाले, "न्हाई."

मी पडले. फार मतांनी नाही, पण पडले. त्यानंतर कितीतरी दिवस गावातून जाताना मला मान वर करवत नसे. महिन्याने नव्या ग्रामपंचायतीची पहिली ग्रामसभा होती. मी जाणार नव्हते. सकाळी नऊला दारावरची बेल वाजली. लिफ्ट बंद होती आणि तात्या तीन जिने चढून आले होते. दारात उभे राहून त्यांनी आधी श्वास जागेवर येऊ दिला.

"चप्पल घाल," ते म्हणाले. "पडलेल्यानं पयल्या सभेला यायाचं असतं. न्हाईतर लोकांना वाटतं, हिला फकस्त खुर्ची पायजे हुती."

त्या सभेत मी अंगणवाडीचा विषय मांडला. माझी मागणी गायरानातल्या जागेची होती. सगळ्यात आधी विरोध केला तो तात्यांनी. "गायरानाला हात लावायचा न्हाई. आज अंगणवाडी म्हनशील, उद्या कुनी पार्किंग म्हनंल." मी खाली बसले. पण त्यांचे बोलणे संपले नव्हते. "आमच्या सोसायटीचं जुनं गोदाम मोकळं पडलंय. भिती दगडी हायेत, थंड ऱ्हातं. ते द्या पोरांना." सविताने तो ठराव उचलून धरला. नंतरची वर्षभराची धावपळ सविताने आणि मी मिळून केली. आज त्या गोदामात पन्नासेक मुले बसतात. गायरान अजून गायरान आहे, आणि तात्यांचे तेव्हा बरोबर होते हे मी इथे लिहून टाकते.

आता एक घरची गोष्ट सांगते. तिची वाच्यता तात्यांना आवडणार नाही, पण या अंकात ती नसेल तर माझा लेख अपुरा राहील.

माझे वडील, बाबा, उदगीरला शिक्षक होते आणि राजकारणात तात्यांच्या थेट विरुद्ध बाजूचे. एकदा ते आमच्याकडे राहायला आले तेव्हा दोघांची ओट्यावर गाठ पडली. दोन दिवस दोघे भांडत होते. सरकार कोणाचे चांगले, शाळा कोणी काढल्या, धरणे कोणी बांधली. काकूंना जेवायला चारदा हाक मारावी लागे. बाबा निघाले तेव्हा तात्यांनी त्यांना खाचरातल्या नव्या तांदळाची पिशवी दिली. त्यानंतर दर रविवारी सकाळी तात्या त्यांना फोन करू लागले. त्या आठवड्याच्या बातम्यांवरून अर्धा-पाऊण तास वाद चालायचा. बाबा शनिवारपासून पेपरची कात्रणे जमवून ठेवत, असे आई सांगायची.

मग बाबांना पक्षाघात झाला. वाचा गेली. ऐकू येत होते, समजत होते, शब्द फुटत नव्हता. मी तात्यांना सांगितले, आता फोन करून उपयोग नाही. मी उदगीरला बाबांच्या उशाशी बसलेली असताना रविवार आला आणि ठरल्या वेळी फोन वाजला. "सर्‌च्या कानाला लाव," तात्या म्हणाले.

मी स्पीकर लावून फोन उशीवर ठेवला. तात्या बोलू लागले. आधी त्यांनी नेहमीप्रमाणे आपली बाजू मांडली. मग म्हणाले, "आता सर्, तुमी ह्यावर काय म्हनला असता ते मीच सांगतो." आणि आयुष्यभर ज्या विचारांना त्यांनी विरोध केला, ते विचार तात्या बाबांच्या वतीने मांडू लागले. बाबांची आवडती उदाहरणे, त्यांची शब्द तोडून बोलण्याची पद्धत, सगळे त्यांच्या ध्यानात होते. कुठेही त्यांनी ती बाजू दुबळी केली नाही. शेवटी म्हणाले, "ह्या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर न्हाई. आज तुमी जितलात."

बाबांच्या तोंडाची एकच बाजू हलत असे. त्या बाजूने ते हसले.

असे सहा रविवार झाले. सहाही वेळा तात्या हरले. सातव्या रविवारी मी त्यांना फोन करून बाबा गेल्याचे कळवले. ते म्हणाले, "मानूस लई पक्का हुता," आणि फोन काकूंच्या हाती दिला.

तात्या, तुमच्या पंचाहत्तरीच्या कार्यक्रमाला व्यासपीठावर एकही पुढारी नको आणि चौकात फ्लेक्स नको, ही तुमची अट समितीने मान्य केली आहे. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितलेली पथ्ये तुम्हीही मान्य करावीत, ही आमची विनंती. काकूंच्या हातचा चहा आणि ओढ्याकाठचे खाचर तुम्हाला पुढची पुष्कळ वर्षे लाभोत. तुमची प्रकृती ठणठणीत राहो.

आपले गाव महापालिकेत जावे की न जावे, यावर लवकरच ग्रामसभा बोलावली जाणार आहे. मी ‘जावे’ या बाजूने बोलणार आहे. तुम्हाला ते मुळीच पटणार नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही पहिल्या रांगेत येऊन बसा, तात्या. तुम्ही समोर नसलात तर माझे म्हणणे बरोबर आहे की नाही, ते मला कोण सांगणार?

वैशाली बिरादार