मासळी बाजारात बसणारी रीटा

रीटा गेली, तरी मी तिच्यावर जळतेच आहे.

खोटं कशाला लिहू?

मुलुंडच्या एका कॉलेजात आम्ही दोघी मॅनेजमेंट शिकवायचो. बारा वर्षं टेबलाला टेबल लागून.

मी आकडेवाली. सर्व्हे, मॉडेल, सॉफ्टवेअर.

ती लेक्चरच्या आधी अंधेरीच्या मासळी बाजारात कोळणींमध्ये जाऊन बसायची.

तिचा प्रश्न साधा होता. एखादी कोळीण मध्येच उठून दवाखान्यात गेली, तर शेजारची तिचा माल विकते. तोही स्वतःच्या आधी.

"धंद्यात एकमेकींच्या विरोधात ना गं या? मग का?"

"याला रिसर्च म्हणतात?" मी हसायचे.

घरी गेल्यावर मात्र टोचायचं. हा प्रश्न मला का नाही सुचला?

तिने या अभ्यासासाठी सहा महिन्यांची रजा मागितली. हेड सरांनी माझं मत विचारलं.

मी म्हटलं, "सर, एका बाजारावरून काय सिद्ध होणार? गोष्टी छान आहेत. रिसर्च नाही."

रजा नाकारली गेली.

तीन वर्षांनी तिचा पेपर परदेशातल्या मोठ्या जर्नलमध्ये आला. तिथून माझे दोन परत आले होते.

स्टाफरूममध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण. "झकास गं!"

पेपरच्या शेवटी, आभारांत, माझं नाव.

"माझं कशाला?"

"तू काय म्हणालीस ते सरांनी सांगितलं मला. बरोबर होतं यार तुझं. म्हणून तर कुर्ला आणि बोरिवलीच्या बाजारांतही जाऊन बसले. नाहीतर पेपर उभाच राहिला नसता."

तिला राग आला नव्हता.

मला त्याचाही राग आला.

मग कॅन्सर. आठ महिने.

काल चर्चमागच्या दफनभूमीत पंधरा-वीस कोळणी आल्या होत्या. भर बाजाराच्या वेळेला.

मी एकीला विचारलं, "मावशी, तुमचा माल?"

"शेजारीण बघते ना."

माझी कालची दोन लेक्चर्स रद्द झाली. "घेशील का गं?" असं जिला विचारलं असतं, तिलाच पोचवायला मी आले होते.

रीटा, तो आक्षेप अभ्यासातून आला नव्हता. तुला रजा मिळू नये, एवढंच मला हवं होतं.

तू आभार मानलेस आणि मी ते घेतले. तू होतीस तोवर बोलायची हिंमत झाली नाही.

माफ कर.

शांत झोप गं.