खोडाळ्याच्या मांडवात अडकलेला कॅमेरा

शटरचं बटण मी दाबून धरलं होतं आणि कॅमेरा ढिम्म. मागचा लाल दिवा नुसता लुकलुकत होता. समोर स्टेजवर देवू बुधीच्या गळ्यात हार घालत होता.

लाल दिवा म्हणजे कॅमेरा कामात आहे. डिजिटलमध्ये फोटो काढला की तो लगेच कार्डावर जात नाही. आत बफर नावाची छोटी तात्पुरती जागा असते. फोटो आधी तिथे थांबतात, मग एकेक करून कार्डावर उतरतात. बादली कितीही जोरात उपडी केली तरी हंड्याचं तोंड घेईल तेवढंच पाणी आत जातं, तसा हा प्रकार. आमच्या कार्डाचं तोंड बारीक होतं. बफर भरला की कॅमेरा नवा फोटो घेत नाही, मग समोर कोणीही उभं असो.

जव्हारला आमचा स्टुडिओ वडिलांपासूनचा. डिजिटल कॅमेरा मी नुकताच घेतला होता आणि खोडाळ्याचा सामुदायिक विवाह हे त्यावरचं पहिलं मोठं काम. कार्यक्रम एका संस्थेचा होता आणि तिथलं सगळं सरनाईक सर बघत. कडक इस्त्रीचा सफारी आणि तोंडात सतत सूचना. सकाळीच त्यांनी मला बाजूला घेतलं.

"शब्बीरभाई, प्रमुख पाहुण्यांचा प्रत्येक जोडप्याबरोबर फोटो पाहिजे. डोळे मिटलेला एकही चालणार नाही."

"मग प्रत्येकाचे चार-पाच काढावे लागतील, सर."

"काढा की! आणि सगळ्यात मोठ्या साइजवर ठेवा. फ्लेक्स करायचाय, ठाण्याला लावायचाय."

"मोठी साइज म्हणजे मोठी फाइल. हे कार्ड स्लो आहे, मध्येच अडकेल. साइज जरा कमी करू, नाहीतर जोडीला रोलचा कॅमेरा मागवून घेतो."

"रोल कशाला? मला सीडी आजच पाहिजे. आणि डिजिटल ना हे? त्यात कुठे रोल संपतो?"

तेव्हा सगळ्यांचाच हा समज होता. डिजिटल म्हणजे हवे तेवढे काढा, हवे तसे काढा. फास्ट कार्ड मुंबईला मिळायचं, पण ते माझ्या ऐपतीबाहेरचं होतं. सरांशी आणखी वाद घालण्यात अर्थ नव्हता. काम त्यांचं होतं आणि ऐकायचं मला होतं.

देवू आणि बुधी वावर गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे. संसार जुना, लग्न मात्र राहिलेलं. आमच्या भागात याचं कोणाला नवल नाही. माणसं घर मांडतात, नागली-भात पिकवतात, मुलं होतात, आणि गावजेवणाची सोय होईल तेव्हा लग्न लागतं. ते कधी कधी वीस-वीस वर्षं लागत नाही. पण एक गोष्ट पक्की असते. आईबापाचं लग्न लागल्याशिवाय पोरांना हळद लावत नाहीत. यांची मुलगी मंजी त्याच मांडवात नवरी होती, म्हणून तिच्या आधी आईबापाचा नंबर.

देवूच्या छातीत काही राहिलं नव्हतं. दोन पावलं चालला की त्याला बसावं लागे. जीपमधून त्याला उचलूनच उतरवला होता. अंगाला हळद लावलेली, खांद्यावर नवा पिवळा टॉवेल. मी कॅमेरा तपासत होतो तेव्हा बुधीबाई जवळ आली.

"फोटूवाले भाऊ, आमचा एक बेस काढ. याचा फोटू नाय कुठं."

"एकही नाही?"

"मतदानाचे कार्डावर हाय. त्यात मेल्यावानी दिसतं."

मी म्हटलं, काढतो, चांगला काढतो. असं आम्ही सगळ्यांनाच म्हणतो. पण तिला मी मनापासून म्हटलं होतं.

पाहुणे उशिरा आले आणि आल्या आल्या घाई सुरू झाली. जोडपं स्टेजवर यायचं, पाहुणे हातात हार द्यायचे, जोडपं हार घालायचं आणि पाहुणे कॅमेऱ्याकडे बघायचे. मी दर जोडप्याला चार-पाच फ्रेम मारत होतो. देवूच्या आधीच्या जोडप्यापाशी पाहुण्यांनी घाम पुसला. पुसतानाचा चेहरा बरा आला नसेल म्हणून सरनाईक सर ओरडले, "परत घ्या, परत!" मी परत घेतले. बफर तिथे भरला.

देवूला दोघांनी धरून वर आणलं. बुधीची मान खाली, कपाळाला बाशिंग, त्याच्या झुरमुळ्या डोळ्यांवर. नवरीनं वर बघायचं नसतं. लग्न लावणारी धवलेरी बाजूला बसून तिच्या बायकांबरोबर गात होती. देवूनं थरथरत हार घातला, बुधीनं न बघता त्याला घातला, आणि देवू हसला. तोंडभर हसला. त्या आजारी चेहऱ्यात एवढं हसू असेल असं कोणाला वाटलं नसतं. मला ते व्ह्यूफाइंडरमधून लख्ख दिसलं. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काही नाही.

दिवा विझला तेव्हा देवू वाकून खोकत होता.

"पुन्हा एकदा घाला ना हार," मी खालून म्हणालो.

धवलेरी गाणं थांबवून माझ्याकडे बघायला लागली. "घातलेला हार काढाचा नाय," ती म्हणाली. "लगीन एकदाच लागतं."

मी सरांकडे बघितलं. म्हटलं, दोन मिनिटं द्या, नुसते शेजारी उभे करतो. सर म्हणाले, "साहेबांना पुढे जायचंय. यांचा नंतर घ्या." तोवर मंजीचं जोडपं वर चढलंही होतं.

सगळं आटोपल्यावर मी देवूला शोधत गेलो. तो झाडाखाली आडवा पडला होता, तोंड टॉवेलनं झाकलेलं. बुधी म्हणाली, "आता नको. बरा वाटला का काढू." अशा माणसाला उठवून बसवायला माझं मन होईना.

पावसातल्या भाताच्या आवणीच्या आधीच देवू गेला.

बुधीबाई एसटीनं जव्हारला आली, मंजीला घेऊन. दुकानात खुर्ची दिली तरी जमिनीवर बसली. मी कॉम्प्युटर तिच्या बाजूला वळवला आणि होतं ते दाखवलं. आधीच्या फ्रेममध्ये पाहुणे हसताहेत आणि कडेला अर्धा पिवळा टॉवेल. नंतरच्या फ्रेममध्ये वाकलेलं डोकं, चेहरा नाही. मध्ये काहीच नाही.

"हा नाय," ती म्हणाली. "हासलेला दाखव."

"तो निघाला नाही, बाई."

"समदी सांगतात तो हासला. मी खाली बघत होते. तू तं बघितलास?"

"बघितलं."

"याचे मधून बघितलास?" तिनं कॅमेऱ्याला बोट लावलं.

"हो."

"मग याचे मधी कसा नाय?"

बफर, कार्डावर लिहायचा वेग, फाइल साइज, हे सगळं मला येत होतं. मी नुसता कॉम्प्युटर बंद केला. मंजीनं आईला उठवलं. त्या गेल्यावर मी दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि त्या दिवशी ते पुन्हा उघडलं नाही. एवढा वीट मला या धंद्याचा कधी आला नव्हता.

ओळखीच्या एकानं रिकव्हरी करून बघ म्हणून सांगितलं. रिकव्हरी म्हणजे कार्डावरून पुसलेले फोटो परत मिळवणं. मला माहीत होतं, काही मिळणार नाही. जो फोटो कार्डावर गेलाच नाही तो पुसला तरी कसा जाणार? तरीही दोनदा करून बघितली. दोन्ही वेळा पाहुणेच वर आले.

फ्लेक्स ठाण्याला लागला. छान आला म्हणे.

पुढच्या लग्नसराईआधी मी इकडून तिकडून करून फास्ट कार्ड घेतलं. दुकानातच कॅमेऱ्यात घातलं आणि धडाधड फ्रेम मारल्या. तेवढ्याच फ्रेमनंतर दिवा लागला आणि जवळजवळ तेवढाच वेळ लुकलुकत राहिला. कार्ड वेगवान होतं, पण माझ्या कॅमेऱ्यालाच तेवढ्या वेगानं लिहिता येत नव्हतं. म्हणजे त्या दिवशी ते कार्ड असतं तरी देवू सापडला नसता. हे कळून बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच खचलो. निदान कार्डाला तरी शिव्या घालता येत होत्या.

आता या धंद्यात नवीन आलेली मुलं विचारतात, फास्ट कार्ड घ्यावं का? मी सांगतो, आधी आपला कॅमेरा किती वेगानं लिहितो ते बघा, मग कार्डावरचा आकडा. पासपोर्ट फोटोला फास्ट कार्ड लागत नाही. लग्नं काढायची असतील तर दोन्ही चांगलं घ्या, आणि फ्लेक्सवाल्यांचं ऐकून साइज वाढवू नका. या प्रकारातून मला एवढीच अक्कल आली.

बुधीबाई अजून बाजाराला आली की दुकानात येते. काही मागत नाही. थोडा वेळ बसते आणि म्हणते, "सांग, कसा हासला?" मी सांगतो. इतक्यांदा सांगितलं की आता मला तो चेहरा आठवतो की माझंच सांगणं, ते समजेनासं झालंय.

गेल्या खेपेला तिनं नवीनच विचारलं. "माझेकडं बघून हासला, का लोकांकडं?"

त्याची नजर कुठे होती ते मला खरंच माहीत नाही.

"तुमच्याकडे बघून, बाई," मी म्हणालो.

ती उठली, पदर सारखा केला आणि एसटी स्टँडकडे गेली. फोटो असता तर हे तिला मला विचारावं लागलं नसतं.