धूम्राक्षीचं शेवटचं पान

एका बाईच्या नादाने वाया गेलेल्या पुरुषांच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या आहेत. पण कागदावरच्या बाईच्या नादाने वाया जाऊनही बायकोशी सुखाने संसार करणारा माणूस अख्ख्या उपनगरांत एकच असणार, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. बाईचं नाव धूम्राक्षी. एका जुन्या, बंद पडलेल्या कॉमिक्समधली चेटकीण. हिरवा झगा, मनगटात सापाचं कंकण आणि डावी भुवई कायम वर, जणू समोरच्याने सुटे पैसे आणलेले नाहीत.

मालाडच्या त्याच्या घरात शिरलं की नमस्काराआधी प्रश्न येतो, "हात धुतलेत?" सासूबाईंनाही त्याने तो सोडला नाही. त्या म्हणाल्या, "जावईबापू, मी काय बाळंतिणीच्या खोलीत आलेय?" प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीत दमटपणा शोषणारी ती पुडी, जी नव्या बुटांच्या खोक्यात निघते. त्या पुड्यांसाठी या गृहस्थाने माझ्या पुतण्याला बोहल्यावर चढताना अडवलं होतं: "बूट नवे दिसतायत. पुडी कुठाय?" रविवारी याच्यासारखेच चार टकले संग्राहक जमतात आणि छपाईत शाई सरकून धूम्राक्षीचे डोळे कपाळावर गेलेला एक अंक कुणाकडे आहे यावर भांडतात. नायकाचं नावही कुणी काढत नाही. मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो, ती दुष्ट आहे!" तर म्हणतो, "साडूभाऊ, नायकाला सगळं देवाने दिलंय. हिने स्वतः शिकून घेतलंय."

पण खरा कळस वेगळाच. धूम्राक्षी दर अंकात शेवटच्या पानावर हरते. म्हणून हा अंक हातात आला की शेवटचं पान न बघता त्याला बटर पेपरची पट्टी गुंडाळतो. इतकी वर्षं जमवतोय, शेवट एकही वाचलेला नाही. "माझ्याकडे ती अजून हरलेली नाही," असं छाती काढून सांगतो.

यंदा त्याला एका रद्दीच्या दुकानात मालिकेचा अगदी अखेरचा अंक सापडला, आणि दर्शनाला आम्हाला मुलुंडहून बोलावणं आलं. आरेच्या खड्ड्यांतून रिक्षाने हाडं खिळखिळी करत पोचलो, तर भजी गॅलरीत उभ्याने खायची, कारण हॉलमध्ये "ती" होती. माझं डोकं फिरलं. मी तसाच आत आलो, अंक उचलला, पट्टी ओढून काढली आणि शेवटचं पान खड्या आवाजात वाचलं. नायक मंत्र म्हणतो, धूम्राक्षीचा दगड होतो, समाप्त. कुणी हसलं नाही. साडू एवढंच म्हणाला, "मोठ्याने वाचायला नको होतं."

पुढच्या महिन्यात मेहुणीचा फोन. "भावोजी, काहीतरी करा. हा माणूस सोफ्यावर बसून लोणचं खातो. हात धुतलेत का म्हणून कुणाला विचारत नाही. काल म्हणाला, रद्दीवाल्याला बोलव, सगळं देऊन टाकू."

ज्यासाठी मी वर्षानुवर्षं नुसता नवस बोलायचा बाकी ठेवला होता, ते झालं होतं. आणि मला जेवण जाईना. मी माफी मागणाऱ्यांतला नव्हे. "माझं चुकलं" हे वाक्य मी बायकोलाही कधी ऐकवलेलं नाही. मालाडच्या त्या सोफ्यावर बसून ते कसंबसं म्हणालो. तो "हं" म्हणाला. मग मी म्हटलं, "तुम्ही नुसतं ऐकलंत. पान कुठे पाहिलंत? एकदा नीट बघा तरी."

तो उठला. अंक आणला, भिंग आणलं. जन्मात पहिल्यांदा शेवटचं पान बघत होता.

"दगडाच्या डाव्या डोळ्यावर हे काय आहे?"

मी वाकून पाहिलं. पिवळट, वर चढत गेलेली एक रेघ. ओळखली. संग्राहकांच्या राज्यात या गुन्ह्याला फाशीच असणार.

"भज्यांचं तेल," मी म्हणालो. "माझं बोट."

त्याने पुन्हा भिंग लावलं. रागाचे शब्द जुळवत असावा, असं मला वाटलं.

"वर चढलीय मात्र," तो हळूच म्हणाला. "भुवई."

मग आतून पिशवी आणली, नवी पुडी आणली. मी मदतीला अंकाकडे हात पुढे केला, तसा माझ्याकडे न बघताच म्हणाला, "हात धुतलेत?"

आल्या आल्या धुतले होते. तरी उठलो, मोरीत गेलो आणि पुन्हा धुतले.